अनुवोंग नावाचा मुलगा

थाबो
४ मार्च २५४१

ती. दादास,
चन्थाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहिण्याची पद्धत आहे. पण ठीक नाही, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. माझ्या थोंगदीची लढत ठरली. कोरातला, मो आजीच्या जत्रेत, तीन एप्रिलला. बँकॉकच्या मोठ्या रिंगसाठी पोरं निवडणारा माणूस तिथे येणार आहे. पाच वर्षं ज्या दाराची वाट पाहिली ते उघडलं, आणि उंबऱ्यात तुमचं नाव आडवं पडलं आहे. तुमचं म्हणजे तुम्ही ठेवलेलं.

आठवत असेल. वस्ताद फयोम म्हणाले होते, पोराला रिंगसाठी वजनदार नाव हवं, तुझा भाऊ संस्कृत शिकलेला आहे ना, मग विचार की. तुम्ही पाच मिनिटांत चिठ्ठीवर लिहून दिलंत, अनुवोंग. वस्तादांनी ते तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि म्हणाले, भोंग्यातून नगाऱ्यासारखं वाजेल. उदोनला वाजलं, खोनकेनला वाजलं, कुणी हरकत घेतली नाही. इकडचे लोक आपलेच, लाओ. ज्यांना कळलं ते गालात हसले असतील. पण आता त्या नावाची पोस्टरं कोरातच्या भिंतींवर लागली आहेत.

परवा लढती भरवणाऱ्या तिथल्या ठेकेदाराचा वस्तादांना फोन आला, की डोकं फिरलंय का तुमचं, की भांडण उकरायचंय? वस्ताद चौथीत शाळा सोडलेले, त्यांना काही उमजेना. ते आमच्याकडे आले. धाकटीनं शाळेचं पुस्तक काढून धडा वाचून दाखवला: बंडखोर अनुवोंग लाओ फौज घेऊन कोरातमध्ये घुसला, घरंदारं जाळली, माणसं गुरांसारखी बांधून हाकत नेली, वाटेत मो आजीनं त्या बांधलेल्या माणसांना उठवलं आणि फौजेचा फडशा पाडला. वस्ताद ऐकता ऐकता खाली बसले. म्हणाले, बाई, म्हणजे आजीच्या घरच्या कार्याला आपण आजीच्या वैऱ्याच्या नावानं पोरगं पाठवतोय.

तीन पोस्टरांवर कुणी आंबवलेल्या माशांचं पाणी ओतलं. ते पाणी वाया घालवतात म्हणजे माणसं खरोखर चिडलेली आहेत. आणि तालमीत निनावी फोन आला, की हा पोरगा रिंगमध्ये चालत येईल, जाताना उचलून न्यावा लागेल.

थोंगदी नाव बदलायला तयार नाही. यांचं ऐकत नाही, वस्तादांचं ऐकत नाही. तुमचं ऐकतो. त्याला लिहा, दादा. आणि मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. नाव दिलंत तेव्हा तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं ना?

तांदळाच्या पापड्या वाळत घातल्या आहेत, आभाळ भरून आलंय, म्हणून इथेच थांबते. माया आहे तशी असू द्या. रागावले आहे म्हणून ती कमी झाली असं समजू नका.

तुमची,
चन्था


वियेंतियान
९ मार्च १९९८

चि. सौ. चन्थास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रावरचा बुद्धसन माझ्या इसवी सनाहून पाचशे त्रेचाळीस वर्षं पुढे असतो, तरी पत्र मात्र चार दिवस मागे येतं. पुलावरच्या बसच्या ड्रायव्हरला मी बोललो. तो मला शिकलेला म्हणून महा म्हणतो; म्हणाला, महा, तुमच्या पत्राला पासपोर्ट नसतो, मी ते सीटखाली घालून आणतो, आणखी काय पाहिजे? फोन करावा तर तो मठाधिपतींच्या खोलीत; आपण बोलायचं आणि अख्ख्या पाठशाळेनं अर्थ लावायचा.

आता नावाचं. अनु म्हणजे मागून, वोंग म्हणजे संस्कृतातला वंश. कुळाच्या मागून चालत आलेला. पाच वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर मी एवढंच सांगून मोकळा झालो असतो. इथे त्या नावाचं एक मैदानही आहे. माझे विद्यार्थी अनुवोंगला चाललो म्हणतात, तेव्हा ते राजाच्या स्मरणाला नव्हे, फुटबॉलला चाललेले असतात. फाटकाशी भाजलेली कोंबडी बरी मिळते. आणि ज्या घरात जुनी माणसं शिल्लक आहेत तिथे हे नाव आवाज खाली करून घेतात. एकशे सत्तर वर्षांपूर्वी त्या राजाला लोखंडी पिंजऱ्यात घालून बँकॉकला लोकांना दाखवलं, आपलं शहर जाळलं, आणि माणसं नदीपार हाकत नेली. तुझ्या सासरचे पूर्वज थाबोला हौसेनं राहायला गेले नव्हते, हे तुझ्या सासऱ्यांनीच मला सांगितलं होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. ठाऊक होतं.

ज्यांनी त्याला पिंजऱ्यात पाहिलं त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी भोंग्यावरून त्याचं नाव पुकारावं, टाळ्या पिटाव्यात, गळ्यात हार घालावेत. असा तो विनोद होता. मी एकट्यानं केला आणि एकट्यानं हसलो. दर महिन्याला तुझं पत्र यायचं, अनुवोंग जिंकला, आणि ती ओळ मी दोनदा वाचायचो. विनोद माझा आणि लाथा खायच्या त्यानं, हे लक्षात आलं नाही असं म्हणणार नाही. आलं होतं. गोड वाटत होतं म्हणून बाजूला सारलं.

थोंगदीला आजच लिहितो आहे. सोबत तीन नावं देतो: सिंहनाद, रणजित, वज्रपाद. तिसरं वस्तादांना आवडेल, त्यांचा सगळा भरवसा लाथेवर. कुणाच्याही इतिहासात ही नावं कुणाला चावलेली नाहीत, तपासून पाहिलं.

लोभ ठेवावा असं मागायला तोंड नाही. ठेवलास तर घेईन.

तुझा,
खाम्मन


उदोन, वस्ताद फयोम यांची तालीम
१६ मार्च २५४१

ती. मामांस,
थोंगदीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि तीन नावं मिळाली. वज्रपाद वस्तादांना खरंच आवडलं. मला नाही.

मला राग आला आहे. तो आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. धडा मीही शाळेत घोकला होता. पण धड्यातल्या माणसाचा आणि माझा काही संबंध असेल असं डोक्यात आलं नाही, कारण नाव तुम्ही दिलं होतंत. तुम्ही दिलेलं म्हणजे पोथीतलं असणार, चांगलंच असणार. तुम्हाला ठाऊक होतं आणि मला नव्हतं, ही गोष्ट मला पोस्टरवरच्या माशांच्या पाण्यापेक्षा जास्त झोंबली.

झालं. आता पुढे.

नाव मी बदलणार नाही. बँकॉकच्या माणसाच्या वहीत हेच नाव आहे, असं मी आईला सांगितलं. ते खरं असलं तरी खरं कारण नाही. एक्केचाळीस लढती मी या नावानं लढलो. खोनकेनला दोन बरगड्या मोडल्या, त्या अनुवोंगच्या मोडल्या. आता कोरातच्या वेशीवर हे नाव काढून ठेवलं, तर मी ते कुठून तरी चोरून आणलं होतं असा अर्थ होईल. मी काही चोरलेलं नाही. हरलो तर हरलो, मग वस्ताद म्हणतील ते नाव घेईन, बेडूक म्हणाले तरी चालेल. आई लहानपणी तेच म्हणायची.

भीती वाटते. ती ज्याच्याशी लढायचंय त्याची नाही. तो कोरातचाच आहे, डावखुरा आहे, त्याच्या लढती मी पाहिल्या आहेत. भीती वेगळीच आहे. लढतीच्या दिवशी सकाळी वस्ताद सगळ्या पोरांना मो आजीच्या पुतळ्यापुढे नेतात. तिथे गुडघे टेकून आपलं नाव, गाव आणि मागणं मोठ्यानं सांगायचं असतं; मनातल्या मनात चालत नाही, आजीला कमी ऐकू येतं म्हणतात. मी काय सांगू? थोंगदी म्हणालो तर म्हातारीशी लपवाछपवी होते. अनुवोंग म्हणालो तर मागे उभी असलेली माणसं ऐकणार, आणि ती काय करतील कोण जाणे.

तुम्ही शिकलेले आहात. नाव तुमचं आहे. तेव्हा काय सांगायचं तेही तुम्हीच सांगा. आणि हे पत्र आईला दाखवू नका.

तुमचा लोभ मला पाहिजे आहे, नुसती नावं नकोत.

आपला,
थोंगदी


थाबो
२४ मार्च २५४१

ती. दादास,
चन्थाचा शि. सा. न. वि. वि.

यांना न सांगता मी कोरातला जाऊन आले. बसनं सहा तास. मो आजीच्या पुतळ्यापुढे बसले. कमरेवर हात, तलवार खाली टेकवलेली. आपली थोरली मावशी दारात उभी राहायची ना, तशीच दिसते. नवस बोलले, की माझा थोंगदी धडधाकट परत आला तर दोन तास कोरातची गाणी तुझ्यापुढे गायला लावीन. जिंकू दे असं मागितलंच नाही. आणि त्याचं दुसरं नाव ओठावर आलं तेव्हा तिच्याकडे बघवेना. तसंच गिळलं.

गाणारी एक म्हातारी तिथे चटईवर बसलेली असते. तिनं विचारलं, कुणासाठी ग? मुलगा लढायला येतोय म्हटलं. ती म्हणाली, बये, या वर्षी तिकडून कुणी अनुवोंग नावाचा येतोय म्हणे, जपायला सांग त्याला, आमची पोरं पेटली आहेत. मी मान हलवली आणि बस पकडली. वाटभर रडू आवरलं ते केवळ शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडा होता आणि तो माझ्याकडे टक लावून बघत होता म्हणून.

वस्ताद आणि ठेकेदार यांच्यात काल तोड निघाली. भोंग्यावरून पोराचं नावच घ्यायचं नाही. लाल कोपरा, आणि आमचा जिल्हा म्हणून नोंगखाय, एवढंच पुकारायचं. ठेकेदार म्हणाला, मान्य असेल तर या, नाहीतर दुसरा आणतो. थोंगदी म्हणतो, न पुकारणं चालेल, बदलणं चालणार नाही. मला दोन्हीतला फरक कळत नाही, पण त्याला कळतो आणि लढायचं त्याला आहे.

मी आई असून मला रिंगजवळ उभं राहता येत नाही. बाईचा स्पर्श झाला तर रिंग बाटते म्हणे. यांचा टोमॅटोचा माल नेमका त्याच दिवशी निघणार आहे, आणि खरं सांगायचं तर यांना ते बघवणार नाही. त्याच्यामागे आपलं असं कोण उभं राहणार? पूल होऊन चार वर्षं झाली, दादा, आणि तुम्ही अजून परीक्षेचे पेपरच तपासताय. एकदा या.

येणार असाल तर लोभ राहील. नाही आलात तर त्याचं काय करायचं ते मग ठरवीन.

तुमची,
चन्था


वियेंतियान
२७ मार्च १९९८

चि. थोंगदीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा राग मिळाला. नीट वाचला. तो बरोबर आहे, त्यात दुरुस्तीला जागा नाही.

आजीपुढे काय सांगायचं यावर मी आठ दिवस पुस्तकं चाळली. आपल्या पोथ्यांत राजांनी राजांपुढे काय बोलावं याची पानंच्या पानं आहेत. बावीस वर्षांच्या मुलानं आजीपुढे काय बोलावं हे कुठेच नाही. तेव्हा माझ्या अकलेनं सांगतो. सगळं सांग. आईनं ठेवलेलं नाव सांग, मामानं ठेवलेलं सांग, आणि ते कुणाचं होतं हेही सांग. त्यानं तिची माणसं दोरीला बांधून नेली. पुढच्याच वर्षी आमची माणसं तशाच दोरीला बांधून नेली गेली. दोरी दोन्हीकडची सारखीच होती, धडे मात्र वेगवेगळे झाले. हे तिला ठाऊक असणार. तू लपवत नाहीस एवढंच तिला कळायला हवं.

मागच्या माणसांची काळजी तू करू नकोस. मागे मी उभा असेन. एक तारखेला निघतो. पेपर तपासायला दुसरा शिक्षक दिला आहे. मुलं यंदा बरीच पास होतील.

मला आशीर्वाद देण्याचा हक्क उरला आहे असं धरून चालतो.

तुझा,
खाम्मन मामा


कोरात
४ एप्रिल १९९८

चि. सौ. चन्थास,
अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच: थोंगदी धडधाकट आहे. उजव्या भुवईला तीन टाके आहेत, पण वस्ताद म्हणतात भुवई जखमेत मोजायची नसते. माझ्याही कपाळाला दोन टाके आहेत. ते कसे, ते पुढे येईल.

काल सकाळी पुतळ्यापुढे गेलो. जत्रा असल्यानं हजारभर माणसं होती. वस्तादांची पोरं रांगेनं बसली, एकेक जण नाव सांगून उठत होता. थोंगदीची पाळी आली. त्यानं हात जोडले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, की आजी, मी थाबोच्या चन्थाचा मुलगा थोंगदी. रिंगमध्ये मला अनुवोंग म्हणतात. ते नाव कुणाचं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी तुझ्या माणसांचं काही न्यायला आलेलो नाही, लढायला आलोय, मला लढू दे. उदबत्त्या विकणाऱ्या बाईनं सुटे पैसे द्यायचे थांबवले. मग मीही गुडघे टेकले आणि म्हणालो, मी वियेंतियानचा खाम्मन, नाव मी ठेवलं, हसण्यासाठी ठेवलं, त्याचा दोष मुलाला लावू नये. मागून कुणीतरी म्हणालं, बघा, हे आणखी एक आलंय तिकडून. दुसरा म्हणाला, असू दे रे, आजीपुढे नको. तेवढ्यावर निभावलं.

लढत संध्याकाळी होती. भोंग्यावर ठरल्याप्रमाणे लाल कोपरा, नोंगखाय. लोकांनी ऐकून शिट्ट्या मारल्या. न घेतलेलं नाव सगळ्यांना पाठ होतं. पहिल्या दोन फेऱ्यांत कोरातच्या मुलाची लाथ बसली की मैदानभर एकच आवाज उठायचा, आणि आपल्याची बसली की नुसती साथीची बासरी आणि ढोल ऐकू यायचा. चार हजार माणसं ठरवून गप्प बसली की कसं वाटतं हे मला काल कळलं. तिसऱ्या फेरीत भुवई फुटली. चौथीत थोंगदीनं त्या मुलाला गळ्याशी धरून गुडघ्यांनी इतकं हैराण केलं, की वस्ताद माझा दंड दाबून म्हणाले, महा, आपण जिंकतोय, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. मला कळेना. ते कानाशी येऊन म्हणाले, हरला असता तर काही नव्हतं. जिंकणाऱ्याचं नाव पुकारावंच लागतं.

ठेकेदारानंही हा विचार केला नसावा. त्यानं धरलं होतं की पोरगा हरेल. पाचवी फेरी संपली, पंचांचे कागद गेले, पंचानं थोंगदीचा हात वर केला. पुकारणारा माणूस कोरातचा, पन्नाशीचा, घामानं चिंब. त्यानं लाल कोपरा म्हटलं आणि थांबला. कागदाकडे पाहिलं, ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदार मान वळवून पान लावत बसला. पुकारणारा मग थोंगदीकडे वळला आणि त्यानं माइक सरळ त्याच्याच तोंडाशी धरला.

चन्था, त्या क्षणी मी मनात वज्रपाद म्हणत होतो. वज्रपाद म्हण, सिंहनाद म्हण, थोंगदी म्हण, काहीही म्हण आणि खाली ये. माझा पाच वर्षांचा विनोद त्या माइकपुढे उभा होता, आणि मला तो ऐकायचा नव्हता.

तो म्हणाला, अनुवोंग. ओरडला नाही, मिरवलं नाही. डॉक्टरनं नाव विचारावं आणि आपण सांगावं, तसं सांगितलं.

मग आवाज उठला. कोण शिव्या देत होतं, कोण टाळ्या, ते वेगळं करता येत नव्हतं. एक बाटली आली, काचेची. तिचा रोख त्याच्यावर होता, पण फेकणाऱ्याचा हात कच्चा. ती माझ्या कपाळावर फुटली. इतक्या वर्षांनी नाव ठेवणाऱ्याला बरोबर पोचली म्हणायची. रक्त डोळ्यात उतरलं, म्हणून पुढचं मी एका डोळ्यानं पाहिलं.

रीत अशी, की लढत संपल्यावर मुलानं समोरच्या कोपऱ्यात जाऊन समोरच्या वस्तादाच्या पाया पडायचं, आणि त्यानं आपल्या हातानं त्याला पाणी पाजायचं. कोरातचे ते वस्ताद सत्तरीचे, एका कानानं अधू. थोंगदी त्यांच्यापुढे वाकला. सगळं मैदान बघत होतं, की हा म्हातारा या नावाला पाणी देतो की नाही. म्हाताऱ्यानं वाटी बादलीत बुडवली आणि त्याच्या तोंडाला लावली. तो पीत असताना म्हातारा त्याला म्हणाला, डावा हात खाली पडतो तुझा, बँकॉकला कुणी जीव घेईल. आणि मग विचारलं, की हे असलं नाव तुला ठेवलं तरी कुणी?

थोंगदीनं वळून चार हजार माणसांत माझ्याकडे बोट दाखवलं. मी गमछा कपाळावर दाबून उभा, खांद्यापर्यंत लाल. म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती वाटी त्यानं पुन्हा बादलीत बुडवली, भरली, आणि आपल्या माणसाच्या हाती रिंगच्या कडेनं माझ्याकडे पाठवून दिली.

प्यालो. पाणी कोमट होतं आणि त्याला चोळायच्या तेलाचा वास येत होता. वाटी रिकामी करूनच परत दिली.

तुझा नवस आज सकाळी फेडला. दोन तास बसून गाणी ऐकली. गाणाऱ्या म्हातारीनं गाण्यात घालायला नाव विचारलं, तेव्हा थोंगदीनं दोन्ही सांगितली, आणि तिनं भुवया उंचावून दोन्ही घातली. बँकॉकच्या माणसानं बोलावलं आहे, जूनमध्ये. काल पंगतीत थोंगदीनं मला एवढंच सांगितलं, मामा, पुढे आमच्या घरात कुणाला नाव द्याल तेव्हा गोष्ट आधी सांगा आणि नाव मग द्या. मी कबूल केलं.

आम्ही उद्या दुपारच्या बसनं येतो. नदीपलीकडे परत जाण्याआधी चार दिवस तुझ्याकडे राहीन म्हणतो. राग असेल तर तो जेवणानंतर काढ, आणि लोभ असेल तर आधी वाढ.

तुझा,
खाम्मन